सपाट मुलुखातला पाहुणा

शनिवार, ७ सप्टेंबर, रात्रीचे साडेबारा

घरच्या गणपतीची आरती झाली, शेजारची मंडळी प्रसाद घेऊन गेली आणि मी भांडी आवरत असताना लेकीने पुन्हा विचारले, की आज तरी आपण तो चित्रपट पाहायचा आहे का. ती वर्षभर गिटार शिकते आहे आणि रेडिओहेड या इंग्रज बँडने तिला सध्या झपाटले आहे. त्या बँडला हे नाव कोठून मिळाले याचा शोध घेताना तिला कळले, की ते टॉकिंग हेड्स या अमेरिकी बँडच्या एका गाण्यावरून घेतलेले आहे, ते गाणे ‘ट्रू स्टोरीज’ नावाच्या १९८६ सालच्या विनोदी चित्रपटातले आहे, आणि तो चित्रपट आम्ही राहतो त्याच डॅलसच्या आसपास चित्रित झालेला आहे. ही शेवटची बातमी ऐकल्यावर सासूबाईंनीही चष्मा मागवला. समई तेवत होती, मोदकांचे ताट अर्धे उरले होते आणि आम्ही तिघी ते अजब प्रकरण पाहायला बसलो. नवरा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता, कारण रात्री-अपरात्री बिघाड दुरुस्त करण्याची पाळी या आठवड्यात त्याची होती.

दिग्दर्शक डेव्हिड बर्न हा टॉकिंग हेड्सचा गायक. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला हा बँड १९८४ च्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ या मैफलीच्या चित्रपटामुळे ऐन भरात आला होता. त्यात बर्नने घातलेला तो अवाढव्य कोट, ज्यात तो हँगरला टांगल्यासारखा दिसतो, अजूनही लोकांच्या लक्षात आहे. अशा वेळी एखाद्या रॉक गायकाच्या हाती चित्रपट दिला तर तो स्वतःच्याच पुतळ्याला हार घालणार, असे कोणालाही वाटेल. बर्नने मात्र बँडला जवळजवळ पडद्याआडच ठेवले. बाकीचे तिघे एका नाइटक्लबच्या प्रसंगात क्षणभर झळकून जातात, गाणी बँडची असली तरी बहुतेक गाणी पात्रेच गातात, आणि बर्न स्वतः काउबॉय टोपी घालून, लाल रंगाच्या उघड्या मोटारीतून, टेक्सासमधील व्हर्जिल नावाच्या काल्पनिक गावात हिंडत राहतो. तो कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो, पण निवेदकाचा आव आणून नव्हे; शाळेच्या पहिल्या दिवशी धडा पाठ करून आलेल्या मुलाइतक्या गंभीरपणे बोलतो. मध्येच, कोणी काही विचारलेले नसताना, तो सांगतो की ही मोटार भाड्याची नाही, खासगी मालकीची आहे. का सांगतो? काहीही कारण नाही. मी तेथे इतकी हसले की नवऱ्याने लॅपटॉपवरून मान वर करून पाहिले.

कथा म्हणावी तर फारशी नाही. टेक्सास १८३६ मध्ये मेक्सिकोपासून स्वतंत्र झाला, त्याला १९८६ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण होत होती, आणि त्या निमित्ताने व्हर्जिल गावाने आपल्या ‘वेगळेपणाचा’ सोहळा आखला आहे. मिरवणूक निघते, बाजाराच्या दालनात कपड्यांचे प्रदर्शन होते, शेवटी माळावर उभारलेल्या रंगमंचावर गावकऱ्यांचे गुणदर्शन होते. मधल्या वेळात आपण गावातल्या काही माणसांना भेटतो. ही माणसे बर्नने दौऱ्यांवर असताना जमवलेल्या कात्रणांतून निघाली आहेत. अमेरिकेत किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ खळबळजनक बातम्यांची जी स्वस्त साप्ताहिके लटकवलेली असतात, ती आपण चुकवलेल्या नजरेने वाचतो. या गृहस्थाने ती कापून ठेवली आणि समजा हे सगळे खरेच असेल तर, असा प्रश्न स्वतःला विचारला. पटकथेसाठी त्याने बेथ हेन्ली या नाटककार बाईंची आणि मूळच्या डॅलसच्या स्टीफन टोबोलोव्स्की या नटाची मदत घेतली. या टोबोलोव्स्कीने आपल्या तरुणपणाची एक हकिकत बर्नला सांगितली होती, की त्याला काही काळ माणसांच्या अंगातून निघणारे सूर ऐकू येत. त्यावरून माणसांच्या लहरी पकडणारे एक पात्र आणि त्याचे गाणे तयार झाले, गाण्यावरून काही वर्षांनी इंग्लंडमधल्या मुलांनी आपल्या बँडचे नाव ठेवले, आणि त्या नावामागोमाग माझी लेक आज येथवर आली.

सर्वांत लळा लावतो तो लुई फाइन. त्याचे काम करणारा जॉन गुडमन तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नव्हता. लुई संगणकाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, जेथे धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून काम करतो आणि त्याला लग्न करायचे आहे. म्हणून त्याने घरासमोरच्या हिरवळीवर दिव्यांनी उजळलेली पाटी लावली आहे: बायको पाहिजे. पुढे तर तो दूरचित्रवाणीवर जाहिरातही देतो. या प्रसंगावर अमेरिकी प्रेक्षक हसणार हे गृहीत धरून तो रचलेला आहे. आमच्या घरात मात्र वेगळेच घडले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “पाटीच त लावली ना बाप्पा त्यानं, चोरी त नाही केली.” अकोल्यात दर रविवारी वर्तमानपत्राचे पानभर वधू पाहिजे, वर पाहिजे वाचत ज्या बाईचे आयुष्य गेले, तिला त्यात वेडेपणा दिसावा तरी कसा? आपला बांधा पांडा अस्वलासारखा आहे आणि तो कायम तसाच राहतो, अशी लुई स्वतःची ओळख करून देतो, तेव्हा त्या म्हणाल्या की ‘मध्यम बांधा, गव्हाळ वर्ण’ लिहिणाऱ्यांपेक्षा हा खराच बोलतो आहे. मी विचार करू लागले, की ज्याला बाहेरचे लोक विक्षिप्त म्हणून डोक्यावर घेतात, त्यातले निम्मे आपल्याकडे नुसते व्यवहाराचे असते.

गावातले प्रतिष्ठित कल्व्हर दांपत्य हे त्याचे दुसरे उदाहरण. ही नवराबायको कित्येक वर्षे एकमेकांशी थेट बोललेली नाहीत. संसार सुखाचा आहे, भांडण दिसत नाही, फक्त जे काही सांगायचे ते मुलांमार्फत सांगितले जाते. “बाबांना सांग, पान वाढलंय” या वाक्यावर ज्या पिढीने तीस-तीस वर्षे काढली, त्या पिढीची प्रतिनिधी माझ्या शेजारीच बसली होती, आणि ती या वेळी काहीच बोलली नाही.

या कल्व्हरचे काम स्पॉल्डिंग ग्रेने केले आहे, आणि जेवणाच्या टेबलावरचा त्याचा प्रसंग माझ्या मते चित्रपटाचा कळस आहे. बर्न पाहुणा म्हणून जेवायला आलेला आहे. कल्व्हर ताटातल्या भाज्या इकडेतिकडे मांडून त्याला नव्या अर्थव्यवस्थेचा नकाशा समजावून सांगतो: हा कारखाना, हे त्यातून बाहेर पडून स्वतःचे धंदे काढणारे अभियंते, यांना गावात कसे टिकवायचे. बोलता बोलता त्याला चेव येतो, संगीत चढत जाते, आणि तो सांगून टाकतो की ही माणसे आता पैशासाठी काम करत नाहीत, त्यांना कामच आवडते, त्यामुळे शनिवार-रविवार ही कल्पनाच संपली आहे. १९८६ साली हे अतिशयोक्त वाटले असेल. त्याच क्षणी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपने टिंग असा आवाज केला. लेक इतक्या जोरात हसली की तिला पाणी द्यावे लागले. नवऱ्याला विनोद कळला नाही, आणि शनिवारी रात्री पाऊण वाजेपर्यंत, म्हणजे मी हे लिहीत असेपर्यंत, तो तेथेच आहे.

सगळेच जमले आहे असे नाही. सतत खोटे बोलणाऱ्या बाईचे पात्र पहिल्या दोन थापांत चकित करते. आपण शेपटीसह जन्मलो असे सांगणाऱ्या बाईवर कोण लक्ष देणार नाही? पण तिसऱ्या-चौथ्या थापेला आपल्याला युक्ती कळलेली असते. ज्या बाईला फक्त गोंडस गोष्टीच आवडतात, ती तर कात्रणाच्या पलीकडे सरकतच नाही. मधली वीस मिनिटे सैल आहेत. उलट चर्चमधल्या धर्मोपदेशकाचा प्रसंग तेव्हापेक्षा आज अधिक बोचत असावा. घरातले कागदी रुमाल आणि शौचालयातला कागद नेमके एकाच वेळी का संपतात, असे विचारत तो जगामागच्या गुप्त कटाचा पुरावा रचत जातो, आणि मागे गायकवृंद झुलत असतो. सासूबाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येणारे ज्ञान याच घराण्यातले आहे, फक्त तेथे इतके सुंदर गाणे नसते.

झोपण्यापूर्वी लेकीने बँडची त्याच नावाची ध्वनिमुद्रिका लावली. गाणी तीच, पण ती बर्नच्या आवाजात. दोन गाण्यांतच तिने बंद केली आणि म्हणाली, की लुईचे गाणे लुईनेच म्हणायला हवे. तिला ठाऊक नसताना तिने बर्नचेच म्हणणे मांडले. त्यालाही पात्रांच्या आवाजातली गाणीच बाहेर यावीत असे वाटत होते, आणि ती एकत्रित स्वरूपात थेट २०१८ मध्ये निघाली. जॉन गुडमनला गाता येते असे कोणी म्हणणार नाही. पण काउबॉयसारखा सजून, घामाघूम होऊन, संबंध गावासमोर तो जेव्हा आपल्यासारख्या साध्या माणसांविषयी गातो, तेव्हा त्या बेसूरपणामुळेच गळा दाटून येतो. ते गाणे घरात, पलंगावर पडून, दूरचित्रवाणीवर पाहणारी एक श्रीमंत बाई, जी अंथरुणातून कधी उठतच नाही, त्याला दूरध्वनी करते आणि लग्न ठरते. लग्न लागते तेही पलंगापाशीच. सासूबाईंनी समाधानाने मोदक उचलला.

रविवार, ८ सप्टेंबर

सकाळपासून एकच गोष्ट मनात घोळते आहे. चित्रपटाच्या शेवटाकडे बर्न सांगतो, की त्याला विसरायला आवडते. एखाद्या जागी आपण नवे असतो तेव्हा बारीकसारीक सगळे दिसते: आकाशाची तऱ्हा, कागदाचा पांढरेपणा, माणसांची चाल, दारांच्या मुठी. मग सवय होते आणि काहीच दिसेनासे होते. म्हणून विसरल्याखेरीज ती जागा पुन्हा आहे तशी दिसत नाही.

मी येथे आले ते २०११ च्या ऑगस्टमध्ये. पहिल्या महिन्यात मी आईला लांबलचक ईमेल लिहीत असे. त्यांत पदपथ मध्येच संपतात हे लिहिले होते, पाण्याच्या टाक्यांवर गावांची नावे रंगवलेली असतात हे होते, आकाश एवढे मोठे आहे की आपण ताटलीत ठेवल्यासारखे वाटते हेही होते. वर्षभरात ईमेल आटले, कारण लिहिण्यासारखे काही दिसेना. ‘येथे पाहण्यासारखे काही नाही’ हे वाक्य भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ऐकवत आले आहे. आणि काल या माणसाने मला माझीच गल्ली दाखवली. नव्याने बांधलेल्या, अजून कोणी राहायला न आलेल्या घरांच्या रांगेसमोर तो उभा राहतो, हे सुंदर नाही असे कोण म्हणू शकेल, असे विचारतो, आणि चार मोटारींच्या गॅरेजकडे पाहत म्हणतो, की येथे कोण राहत असेल बरे.

हा प्रश्न थट्टेचा आहे की नाही, यावर या चित्रपटाचे चाहते आजवर वाद घालतात. न्यूयॉर्कचा शहाणा कलावंत खेडवळांची टिंगल करायला आला, असा आक्षेप तेव्हाही घेणारे होते. मला तो पटत नाही. टिंगल करणारा कॅमेरा जवळ जाऊन माणसाचा घाम दाखवतो. या चित्रपटाचा छायाचित्रकार एड लॅकमन याचा कॅमेरा दूर, सरळ, अदबीने उभा राहतो, आणि पत्र्याच्या भिंतीवरही संध्याकाळचा उजेड पडू देतो. शिवाय बर्न न्यूयॉर्कचा तरी कोठे होता? स्कॉटलंडमधल्या डंबार्टनमध्ये १९५२ साली जन्म, मग कॅनडा, मग मेरीलँड. जो लहानपणीच दोनदा देश बदलतो, त्याला दारांच्या मुठींकडे पाहण्याची सवय जडणारच. तो या गावात प्रौढ बावळटासारखा हिंडतो ते सोंग असेल, पण सोंगामागचा नवखेपणा त्याने स्वतःच्या घरातून आणलेला आहे.

दुपारी लेकीच्या हट्टाखातर आम्ही उत्तरेकडे मोटारीने गेलो. आम्ही राहतो त्या डॅलसजवळच्या फ्रिस्कोची वस्ती १९८० साली साडेतीन हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती दोन लाखांवर गेली. आता ही लाट आणखी वर, सेलिनाला पोहोचली आहे, ज्याची लोकसंख्या २०२३ या एकाच वर्षात २६.६ टक्क्यांनी वाढून ते देशातले सर्वांत वेगाने वाढणारे शहर ठरले. रस्त्याकडेला त्या पत्र्याच्या इमारती होत्या. बर्न त्यांच्यावर एक छोटे प्रवचनच देतो: आधुनिक वास्तुशिल्पींनी शतकाच्या आरंभी जे स्वप्न पाहिले ते हेच, फक्त त्यासाठी वास्तुशिल्पी लागत नाही; सूचीपत्रातून मागवा, पाया ओता, बोल्ट आवळा. काल मी हे ऐकून हसले होते. आज मोजू लागले. लेकीच्या बॅडमिंटनची जागा अशाच इमारतीत आहे. आम्ही जेथून कोथिंबीर आणि कढीपत्ता आणतो ते दुकान अशाच इमारतीत आहे. आम्ही जातो ते मंदिर पहिली काही वर्षे अशाच एका गोदामात भरत असे, आणि माझ्या मुलीचे अक्षरारंभाचे तांदूळ त्याच्या सिमेंटच्या फरशीवर सांडले होते. १९८६ मध्ये बर्नने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हीही आहोत, हे त्या वेळी त्याच्या ध्यानीमनी नसणार. चित्रपटात आमच्यासारखा एकही चेहरा मला तरी दिसला नाही.

एका ठिकाणी रस्ता संपला. पुढे शेत होते आणि शेतात खुणेच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. चित्रपट सुरू होतो आणि संपतो तो अशाच सरळ रस्त्यावर, ज्यावरून एक लहान मुलगी एकटीच चालत जाते. लेकीला तसेच चालून पाहायचे होते, म्हणून ती गेली, आणि मी मोबाइलवर चित्रण केले. सासूबाईंना चित्रणात रस नव्हता. त्या खाली उतरल्या, वाकल्या आणि उन्हाने भेगाळलेल्या जमिनीतून एक ढेकूळ उचलून त्यांनी ते बोटांत चुरले.

“हे त आपली कापसाची माती व्हय,” त्या म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. हा पट्टा काळ्या चिकणमातीचा आहे, वऱ्हाडातल्या काळीच्याच जातीचा. पावसात फुगते, उन्हात आक्रसते, आणि येथेही पिढ्यानपिढ्या कापूस पिकला. याच मातीमुळे उन्हाळ्यात आम्ही घराच्या पायाला रबरी नळीने पाणी घालतो, नाहीतर भिंतींना तडे जातात. तेरा वर्षे मी पायाला पाणी घालते आहे आणि ही माती कोणती हे एकदाही पाहिलेले नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

मंडळाचा गणेशोत्सव आज झाला, एका शाळेच्या वाहनतळावर आणि नंतर तिच्या सभागृहात. सदतीस अंश तापमानात लेझीम पथक निघाले, ढोलामागे नऊवारी आणि काळे चष्मे, त्यामागे बाबागाड्या. चित्रपटातल्या मिरवणुकीत गवत कापण्याची यंत्रे ढकलत जाणाऱ्या माणसांचे एक पथक आहे, अगदी कवायतीच्या शिस्तीत. ते आठवल्यावर मी बाजूला उभी राहून पथकाकडे पाहिले, आणि अचानक दिसले की आमच्या तिसऱ्या रांगेतला प्रत्येक पुरुष कमरेला मोबाइल आणि गळ्यात कार्यालयाचे ओळखपत्र अडकवून नाचतो आहे. ओळखपत्र सुटीच्या दिवशी कशाला, हे विचारायला हवे होते.

गुणदर्शनात एका बऱ्याच जाड, पन्नाशीच्या गृहस्थांनी कराओकेवर जुने भावगीत म्हटले. ते दुसऱ्या कडव्यात घसरले, थांबले, पुन्हा सुरुवातीपासून म्हणाले. मागची मुले खिदळत होती. लेक मात्र हातातली बाटली खाली ठेवून ऐकत होती, आणि शेवटी तिने सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर पाहिले तर सासूबाईंनी सेलिनाहून पिशवीतून आणलेल्या मातीचे दोन बैल करून ठेवले होते. पोळा होऊन बारा दिवस झाले, हे त्यांना मान्य आहे. पण माती आधी सापडली नाही, त्याला त्या काय करणार. खिडकीत वाळत ठेवलेल्या एका बैलाच्या पाठीला संध्याकाळपर्यंत तडा गेला होता. त्या वाटीत पाणी घेऊन बोटाने तो लिंपत होत्या.